समुद्रातील देवराई

दिल्लीहून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्राचे दर्शन घडण्यास हजार किलोमीटरांच्या आसपास मजल मारावी लागते. भरती हा शब्द येथे उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फौजेतील किंवा सरकारी कचेरीतील नोकरी उभी राहते. आयएनए बाजारात बर्फाच्या पेटीतून आलेली सुरमई किंवा पापलेट पाहून एखादा कोकणस्थ मनुष्य क्षणभर थबकतो, तेवढाच काय तो येथल्या मराठी माणसाचा आणि दर्याचा संबंध. अशा ठिकाणी बसून समुद्राच्या रक्षणाविषयी बोलावे, हे मालवणच्या एखाद्या तांडेलाला मोठे गमतीचे वाटेल. तरीही दिल्लीतूनच या विषयावर बोलण्याला एक कारण आहे. आपल्या समुद्राचे पाणी जरी दिल्लीपासून दूर असले, तरी त्याची कागदपत्रे येथेच असतात.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मासेमारी हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. परंतु प्रादेशिक जलधीच्या पलीकडील मासेमारी केंद्राच्या सूचीत घातलेली आहे. प्रादेशिक जलधी म्हणजे किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरांपर्यंतचे पाणी. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत आपले अनन्य आर्थिक क्षेत्र पसरलेले आहे आणि त्याचा कारभार १९७६ च्या केंद्रीय कायद्याने चालतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात अभयारण्य करावयाचे झाले, तरी राज्य सरकारला एकट्याने ते करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे त्यासाठी केंद्राची पूर्वसंमती लागते आणि हद्द ठरविताना नौदलाच्या प्रमुख जलसर्वेक्षकांचा सल्ला घ्यावा लागतो. हे जलसर्वेक्षक कोठे बसतात म्हणाल, तर डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी. नियतीला विनोदबुद्धी नाही असे कोणी म्हणू नये.

याच कलमात आणखी एक वाक्य आहे आणि आजच्या भाषणाचा सारा रोख त्या वाक्यावर आहे. समुद्रातील अभयारण्याची हद्द ठरवावयाची ती स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्यासाठी पुरेसे उपाय योजल्यानंतरच, असे ते वाक्य सांगते. कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट १९९१ साली लिहून ठेवावीशी वाटली. परंतु आपल्या महाराष्ट्रातील सागरी अभयारण्य त्यापूर्वीच, १९८७ साली जाहीर होऊन गेले होते.

मालवणच्या समोर सिंधुदुर्ग उभा आहे. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात त्याचा पाया घातला. त्या समारंभाचे पूजन जेथे झाले, तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर दाखवितात. किल्ल्याभोवतीचे पाणी खडपांनी भरलेले आहे. पाण्याच्या वर डोके काढणारे खडक थोडे आणि पाण्याखाली दडलेले फार. शत्रूच्या जहाजांना ही जागा घातकी ठरावी, हा महाराजांचा हिशेब होता. त्या हिशेबाचा एक फायदा पुढे माशांनाही झाला. जेथे मोठे जहाज येऊ शकत नाही आणि तळ खरवडणारे जाळे ओढता येत नाही, तेथे प्रवाळ तगतो. त्याच्या कपारींत गोबरे आणि तांबोशी वाढतात, शेवंडी बिळे करून राहतात आणि लहान मासळी मोठीपासून जीव वाचवते. कोकणाच्या किनाऱ्यावर प्रवाळ असेल, हे बाहेरच्या जगाला फार उशिरा कळले. लक्षद्वीप किंवा मन्नारचे आखात यांच्याकडेच लोकांचे लक्ष असे. पावसाळ्यात गढूळ होणाऱ्या आणि नद्यांचे गोडे पाणी मिसळणाऱ्या या समुद्रात प्रवाळ जगतो, हीच मुळी नवलाची गोष्ट आहे.

१३ एप्रिल १९८७ रोजी या पाण्याचा २९.१२ चौरस किलोमीटरांचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यांपैकी ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा ठरला. त्यात सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालची बुडालेली खडपे येतात. उरलेले सुमारे २६ चौरस किलोमीटर म्हणजे गाभ्याभोवतीचा संरक्षक पट्टा. हे आकडे ऐकून कोणालाही समाधान वाटावे. परंतु नकाशा उघडून पाहिला म्हणजे दुसरी एक गोष्ट ध्यानात येते. गाभ्याची ईशान्येकडील हद्द मालवण बंदरापासून अवघ्या ५० मीटरांवर आहे. पूर्वेकडची हद्द मोरयाच्या धोंड्यापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर. म्हणजे ज्या ठिकाणी होड्या पाण्यात ढकलल्या जातात आणि मासळी उतरविली जाते, जेथे पहाटेपासून माणसांचा राबता असतो, त्याच्या उंबऱ्याला लागूनच निसर्गाचे गर्भगृह आखले गेले. मालवणच्या गाबीत समाजाने आणि इतर मच्छीमारांनी याला विरोध केला, तो पुढे वर्षानुवर्षे टिकला. आपली होडी आपल्याच अंगणातून बाहेर काढण्यास उद्या परवाना लागेल, ही धास्ती त्या विरोधाच्या मुळाशी होती. हे अभयारण्य जाहीर होऊन एक पिढी उलटून गेली, तरी त्याचे अस्तित्व पुष्कळसे कागदावरच राहिले, याचे नवल वाटू नये.

येथे मला आपल्या देवरायांची आठवण होते. सह्याद्रीच्या कुशीत गावोगाव अशी राने आहेत, जेथे कुऱ्हाड चालत नाही. देवराईला तारेचे कुंपण नसते, तिच्यावर चौकीदार नेमलेला नसतो. गावाने ठरविले आहे की येथली फांदी तोडावयाची नाही, आणि गावाचा देव त्याला साक्षी आहे. तोडणाऱ्याला शिक्षा होते ती शेजाऱ्यांच्या नजरेतून. वनखात्याची राखीव जंगले याच डोंगरांत आहेत आणि त्यांना हद्दीचे दगड व पहारेकरी असूनही त्यांतून लाकूड नाहीसे होत आले, हे कोणापासून लपलेले नाही. समुद्रात तर कुंपण घालताच येत नाही. पाण्यावर रेघ ओढता येत नाही आणि मासा हद्द मानीत नाही. रात्री दिव्याच्या झोतात कोण जाळे टाकते आहे हे पाहण्यास तेथे झाड नाही की टेकाड नाही. रानापेक्षा पाण्याचे रक्षण करणे कितीतरी अधिक लोकसंमतीवर अवलंबून आहे, आणि आपण मात्र रानासाठी घडविलेला कायदा जसाच्या तसा पाण्यात नेऊन सोडला.

समुद्राचा एखादा तुकडा मोकळा सोडून खरोखर लाभ होतो काय, हा प्रश्न मच्छीमाराने विचारला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर न्यूझीलंडच्या लेह या लहानशा गावाकडे आहे. ऑकलंड विद्यापीठाच्या सागरी प्रयोगशाळेसमोरचे पाणी राखीव असावे, अशी मागणी १९६५ साली पुढे आली. गावकऱ्यांचा आणि मासे धरणाऱ्यांचा विरोध झाला. त्यासाठी १९७१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला आणि १९७५ साली सुमारे पाच चौरस किलोमीटरांचे ते क्षेत्र राखीव ठरले. आत कोणीही, कशानेही, काहीही पकडावयाचे नाही, एवढा एकच नियम. तेव्हा तेथील खडक उघडेबोडके झाले होते. तेथे स्नॅपर नावाचा मोठा मासा आणि शेवंड यांची अतोनात धरपकड झालेली होती. त्यांचे भक्ष्य असलेले काटेरी समुद्री साही मोकाट वाढले आणि त्यांनी पाण्यातील उंच शेवाळाची राने खाऊन फस्त केली. मासेमारी थांबल्यावर मोठे मासे परत आले, शेवंडी परत आल्या, त्यांनी साही फोडून खाल्ले आणि काही वर्षांनी शेवाळाचे रान पुन्हा उगवले. माणसाने तेथे काही लावले नाही, काही सोडले नाही; तो फक्त बाजूला झाला. बिल बॅलंटाइन या शास्त्रज्ञाने या कामी आयुष्य वेचले, आणि पुढे त्या गावाला माशांपेक्षा मासे पाहावयास येणाऱ्या माणसांपासून अधिक प्राप्ती होऊ लागली.

यामागील कारण सोपे आहे, परंतु ते पुरतेपणी ध्यानात घ्यावयास हवे. मासळीची मोठी, जुनी मादी आणि पहिल्यांदाच अंडी घालणारी लहान मादी यांच्यात अंड्यांचा फरक वजनाच्या प्रमाणात नसतो, त्याहून पुष्कळ अधिक असतो. दहा लहान माद्यांचे वजन एका मोठीइतके भरले, तरी पुष्कळ जातींत ती एकटी त्या दहांना मागे टाकते. आपली जाळी आणि आपली जीभ मात्र नेमकी मोठ्या मासळीच्याच मागे असते. समुद्राचा एखादा कोपरा राखला म्हणजे त्यात अशा म्हाताऱ्या माद्या जगतात, त्यांची अंडी आणि पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर पडतात आणि ज्या पाण्यात मासेमारी चालू आहे तेथे वाढतात. शेतकरी बियाणे कणगीत वेगळे काढून ठेवतो, ते खात नाही. मच्छीमाराला हे समजत नाही असे मानणे हा शहाण्यांचा उद्धटपणा होय. जून आणि जुलैमध्ये माशांच्या विणीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून मगच त्या लोटावयाच्या, ही रीत सरकारी बंदीचा हुकूम निघण्यापूर्वी कितीतरी काळ आमच्या कोळ्यांनी आणि गाबितांनी पाळलेली आहे. त्या रीतीत काळ राखीव होता. आता थोडी जागाही राखावयाची, एवढीच भर.

मग विरोध का? याचे उत्तर रापणीत सापडते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबच लांब जाळे. होडीने ते अर्धवर्तुळात पाण्यात सोडतात आणि दोन्ही टोके वाळूवर उभी राहिलेली माणसे ओढतात. जाळे अनेकांच्या मालकीचे, मेहनत अनेकांची, आणि मासळीचे वाटे ठरलेले. ओढावयास जो हात लावील त्याच्याही पदरात काही पडते. वृद्ध आणि विधवा यांना रिकाम्या हाताने परत पाठवीत नाहीत. या रापणकराच्या डोळ्यांदेखत गेल्या काही दशकांत समोरच्या पाण्यात दुसऱ्याच प्रकारची मासेमारी सुरू झाली. यांत्रिक ट्रॉलर तळ खरवडून नेऊ लागले. पर्ससीन जाळे माशांच्या अख्ख्या थव्याभोवती फिरते आणि खालची दोरी आवळली की बटव्यासारखे बंद होते. बांगड्याचा थवा किनाऱ्याकडे येण्यापूर्वीच त्यात सापडतो. पुढे रात्री प्रखर दिव्यांनी मासळीला भुलवून गोळा करण्याची युक्ती निघाली. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली, राज्याने २०२१ साली आपल्या १९८१ च्या कायद्यातील दंड वाढविले. हुकूम चांगले आहेत. परंतु भर समुद्रात ते बजावण्यास ज्या गस्ती नौका लागतात, त्यांची वानवा हा किनाऱ्यावरील नेहमीच्या तक्रारीचा विषय आहे.

२०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जेमतेम दोन लाख टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे तो ४५ वर्षांतील नीचांक होता. त्या वर्षी वादळांनी बरेच दिवस खाल्ले, हे खरे. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून फार मोठे अनुमान काढू नये. पण रापणकराला आकड्याची गरज नव्हती. त्याचे म्हणणे असे की ज्याने समुद्र रिकामा केला तो दूर पाण्यात मोकळा आहे, आणि ज्याने कधी तळ खरवडला नाही त्याच्या दाराशी अभयारण्याची पाटी लागली आहे. या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. म्हणूनच मालवणच्या गाभ्याची चर्चा ट्रॉलर आणि पर्ससीन यांना वगळून करता येणार नाही. संरक्षक पट्टा हा रापण, पाग आणि लहान होड्या यांच्यासाठी राखलेला आणि मोठ्या यांत्रिक जाळ्यांना खरोखर बंद केलेला असेल, तरच मच्छीमार त्याला आपले अभयारण्य म्हणेल.

आपल्या इतिहासात या विचाराला आधार आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याची चर्चा आहे. आंबा आणि फणस यांची लाकडे आरमाराच्या कामाची. पण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती बळाने तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, असे तेथे बजावले आहे. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन तोडावे. आरमार हे राज्याचे अंग, आणि ते उभारताना सुद्धा धन्याची संमती! अठराव्या शतकाच्या आरंभी जे एका अमात्याला सुचले, ते पुढील काळात सुचू नये असे काही नाही.

ते न सुचल्याचा एक प्रसंग येथे दिल्लीतच घडला. २००१ सालच्या जुलैमध्ये केंद्र सरकारने शार्क आणि पाकट यांच्या झाडून साऱ्या जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या, म्हणजे वाघाच्या पंक्तीला नेऊन बसविल्या. आमच्या कोकणात लहान शार्कला मोरी म्हणतात आणि तिचे सागुती करतात तसे झणझणीत कालवण करतात. सामान्य माणसाच्या ताटातील तो मासा. जाळ्यात मोरी आली म्हणून माणूस गुन्हेगार ठरावा, हे कोणत्याही किनाऱ्यावर पटण्यासारखे नव्हते. देशभर ओरड झाली आणि डिसेंबरात ती यादी दहा जातींपुरती आटोपती घ्यावी लागली. या उलटसुलटीत खऱ्याखुऱ्या दुर्मीळ जातींचे गांभीर्यही लोकांच्या मनात थोडे उणे झाले असेल, तर त्याचा दोष किनाऱ्याकडे जात नाही.

पण याच यादीतील देवमाशासारख्या प्रचंड व्हेल शार्कची गोष्ट निराळी झाली. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची शिकार सर्रास चाले. २००४ पासून तेथे गावोगाव हिंडून सांगण्यात आले, की हा मासा माहेरपणाला आलेल्या लेकीसारखा आहे; मोरारीबापूंनीही ही उपमा उचलून धरली. जाळे कापून मासा सोडणाऱ्याला जाळ्याची भरपाई मिळू लागली. ज्यांनी भाले मारले होते, त्यांनीच शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. महाराष्ट्रानेही २०१८ च्या अखेरीस अशीच योजना काढली. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. ही योजना राबविणारा कांदळवन कक्ष वनखात्याचाच आहे. ज्या खात्याच्या नावाने मालवणात बोटे मोडली गेली, त्याच खात्याशी तेच लोक सहकार्य करू शकतात. फक्त विचारण्याची रीत बदलावी लागते.

मालवणात अलीकडे आणखी एक बदल घडून आला आहे. तारकर्ली आणि मालवण येथे पाण्यात बुडी मारून प्रवाळ पाहण्याचा छंद पर्यटकांना लागला, आणि मच्छीमारांची तरुण मुले त्यांचे वाटाडे झाली. जी खडपे बापाला ठाऊक होती ती मुलगा पाहुण्यांना दाखवू लागला. यात चांगले आहे, तसे वाईटही आहे. जिवंत प्रवाळाला घरी पैसे आणण्याचे मोल आले, हे चांगले. परंतु हंगामाच्या दिवसांत एका लहानशा जागी होड्यांची दाटी होते, प्रत्येक होडी नांगर टाकते, पोहता न येणारा पाहुणा पायाखाली आधार म्हणून जो दगड शोधतो तो दगड नसून प्रवाळ असतो. वर्षाला जेमतेम बोटभर वाढणारी वस्तू एका लाथेसरशी मोडते. कायमच्या तरंगत्या पिपांना होड्या बांधाव्यात आणि नांगर टाकूच नये, ही साधी व्यवस्था आहे. ती फार खर्चाचीही नाही.

फिलिपाइन्समधील आपो या बेटाचा दाखला येथे देण्याजोगा आहे. सिलिमन विद्यापीठातील आंजेल अल्काला यांनी तेथील मच्छीमारांशी अनेक वर्षे बोलणी केली आणि १९८२ साली गावाने स्वतःच्या किनाऱ्याचा एक लहानसा तुकडा बंद केला. पाळी लावून राखणही गावानेच केली. कालांतराने बंद तुकड्याच्या हद्दीलगत गळ टाकणाऱ्यांना पूर्वीपेक्षा अधिक मासे मिळू लागले. बाहेरच्यांनी येऊन अभ्यास केले, प्रबंध लिहिले, कीर्ती झाली. मग १९९४ साली ते बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले आणि कारभार राजधानीच्या खात्याकडे गेला. तेव्हा आपले अभयारण्य आपल्या हातून गेले, ही खंत त्या गावाला लागून राहिली. आपल्याकडे आपण आरंभच शेवटापासून केला.

आपोची पुढची हकिगतही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र फसवे होईल. २०११ आणि २०१२ सालच्या वादळांनी तो राखलेला प्रवाळ उद्ध्वस्त केला. लेहच्या राखीव पाण्यातील शेवंडी चरण्यासाठी हद्दीबाहेर जातात आणि नेमक्या हद्दीवर लावलेल्या पिंजऱ्यांत सापडतात, कारण ते क्षेत्र त्यांच्या मानाने लहान आहे. आणि समुद्राचे पाणी तापते तेव्हा प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरविणारे सूक्ष्म शेवाळ त्याला सोडून जाते व तो पांढराफटक पडतो. गेल्या दशकात हे मालवणलाही घडलेले आहे. ऊन हद्द ओलांडून येते, त्याला कोणतेही अभयारण्य अडवू शकत नाही. राखलेला प्रवाळ त्यातून सावरण्याची आशा अधिक, एवढेच म्हणता येईल.

विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरांवर समुद्रात एक बुडालेले पठार आहे. सुमारे ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद, आणि माथ्यावर जेमतेम २० मीटर पाणी. भोवती खोल समुद्र, आणि या उथळ माथ्यापर्यंत सूर्यप्रकाश पोहोचत असल्यामुळे तेथे प्रवाळाचे विस्तीर्ण रान वाढलेले आहे. इंग्रजी नकाशांनी या जागेला आंग्रिया बँक असे नाव दिले, कान्होजी आंग्र्यांवरून. ज्या सरखेलाचे दस्तक घेतल्याविना या किनाऱ्यावरून व्यापारी गलबताला जाता येत नसे, आणि ज्याला इंग्रजांनी चाचा म्हणून शिव्या दिल्या, त्याचेच नाव त्यांच्या नकाशांत कायम राहिले. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची एक तुकडी तेथे जाऊन आली. त्यानंतर या पठाराला १९७६ च्या कायद्याखाली निर्दिष्ट क्षेत्र करावे, असा प्रस्ताव महाराष्ट्राने पुढे केला. अनन्य आर्थिक क्षेत्रातील एखादा भाग तसा जाहीर करून तेथील सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचे नियम करण्याचा अधिकार त्या कायद्याने केंद्राला दिलेला आहे. आंग्रियाचा निर्णय मालवणात होऊ शकत नाही, तो या शहरातच होऊ शकतो. तेथे रापणकर जात नाही. जातात त्या मोठ्या नौका, आणि त्याही एकाच राज्याच्या नव्हेत. हे प्रकरण मालवणपेक्षा सोपे आहे, असे माझे मत आहे. कोणाच्या चुलीला धक्का न लावता मोठे क्षेत्र राखता येण्यासारखी ती जागा आहे. २०२२ च्या डिसेंबरात मॉन्ट्रिऑल येथे २०३० पर्यंत भूमीचा व समुद्राचा ३० टक्के भाग राखण्याचे ध्येय राष्ट्रांनी ठरविले, त्यात भारतही आहे. ती टक्केवारी भरताना किनाऱ्यालगतच्या गरिबाच्या पाण्यापासून सुरुवात करण्याऐवजी दूरच्या आंग्रियापासून केली, तर मालवणलाही सरकारच्या हेतूवर अधिक विश्वास ठेवता येईल.

मालवणच्या बाबतीत मात्र नवी अधिसूचना काढण्यापूर्वी जुना नकाशा बाजूला ठेवून बोलणी व्हावयास हवीत. सरकारी कागदांत हद्दी अक्षांश-रेखांशांच्या अंश, मिनिटे आणि सेकंदांत लिहिलेल्या असतात. होडीवाला किनाऱ्यावरचे एखादे देऊळ आणि मागच्या डोंगराचे शिखर एका रेषेत आले म्हणजे आपण कोठे आहोत हे ओळखतो. प्रत्येक खडपाला त्याच्याजवळ नाव आहे, कोणत्या खडपाशी शेवंडी विणीला येतात आणि कोठे तांबोशीची पिल्ले दिसतात हे त्याला ठाऊक आहे. गाभा कोणता असावा, बंदराच्या तोंडाशी की त्याहून पलीकडच्या खडपांवर, हे त्याच्याकडून ऐकून घ्यावे आणि तीच नावे अधिसूचनेत घालावीत. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. बाहेर पाऊस कोसळत असतो, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, आणि एरवी पहाटे दर्यावर जाणारी माणसे त्या दिवसांत घरी भेटतात.